संगणक उशिरां कां जागा होतो?

आजच्या भाषणाचा विषय वरवर पाहतां अगदीं किरकोळ वाटण्याजोगा आहे. घरांतील संगणक काल अर्ध्या-पाऊण मिनिटांत कामाला लागत होता, आज त्याला दीड-दोन मिनिटें लागूं लागलीं. एवढीशी गोष्ट! तेवढ्या वेळांत मनुष्य चहाचा पेला संपवितो, वर्तमानपत्राचें एक पान उलटतो आणि तक्रार विसरून जातो. परंतु ज्या संगणकावर लिनक्स ही कार्यप्रणाली आहे आणि ज्यांत घरचीं छायाचित्रें, कागदपत्रें, वडीलधाऱ्यांचे ध्वनिमुद्रित केलेले आवाज अशी ठेव दोन डिस्कांवर जोडीनें ठेविलेली आहे, त्या संगणकाच्या बाबतींत हा उशीर विसरून चालत नाहीं. पुष्कळदां तो एक निरोप असतो. तो कसा वाचावा, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

मी यंत्रविशारद नव्हें. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सारा जन्म मुलांना गणित शिकविण्यांत घालविलेला एक शाळामास्तर आहें. गणित शिकविणाऱ्याला एक खोड असते. ती अशी कीं, उत्तर बरोबर आलें तरी त्याचें समाधान होत नाहीं, त्याला रीत पहावयाची असते. संगणकाच्या ह्या दुखण्यांत ती खोड फार उपयोगी पडते, असें निवृत्तीनंतरच्या वर्षांत माझ्या अनुभवास आलें आहे.

प्रथम ही जोडीनें ठेवण्याची पद्धत काय आहे तें पाहूं. इ. स. १९८८ मध्यें अमेरिकेंत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ ह्या तिघांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. एक मोठी व महागडी डिस्क घेण्याऐवजीं पुष्कळ लहान व स्वस्त डिस्क एकत्र बांधाव्या, आणि त्यांतील एखादी निकामी झाली तरी मजकूर शाबूत राहील अशी तजवीज करावी, असें त्यांचें प्रतिपादन होतें. ह्या बांधणीला त्यांनीं ‘रेड’ हें नांव दिलें आणि तिचे पांच प्रकार वर्णिले. त्यांतला पहिला प्रकार सर्वांत सोपा. दोन डिस्क घ्यावयाच्या आणि जें एकीवर लिहावयाचें तेंच जसेंच्या तसें दुसरीवरहि लिहावयाचें. एक गेली तर दुसरी आहेच. दस्तऐवजाची अस्सल प्रत कपाटांत आणि नक्कल पेटींत ठेवणाऱ्या जुन्या माणसांना ही कल्पना नवीन वाटूं नये.

अशी बांधणी करण्यासाठीं कोणी स्वतंत्र कार्ड विकत घेतात. परंतु लिनक्सला त्याची गरज नाहीं. फिनलंडमधील लिनस टोरव्हाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें १९९१ मध्यें ज्याचा आरंभ केला, तो लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, हें काम केवळ प्रोग्रामच्या बळावर करूं शकतो. म्हणूनच त्याला सॉफ्टवेअर रेड म्हणावयाचें. ही जोडी बांधण्याचें, तपासण्याचें व दुरुस्त करण्याचें हत्यार म्हणजे ‘एमडीअॅडम’ हा प्रोग्राम. तो ऑस्ट्रेलियांतील नील ब्राऊन ह्यांनीं लिहिला. हल्लीं पुष्कळ सुशिक्षित घरांतून, मुलगा किंवा पुतण्या सुट्टींत येऊन असें एखादें यंत्र बांधून देतो आणि आपल्या नोकरीच्या गांवीं निघून जातो. मागें राहिलेल्या मंडळींना यंत्र वापरतां येतें, पण त्याचें बोलणें कळत नाहीं. हें भाषण मुख्यतः त्यांच्यासाठीं आहे.

आतां कळ दाबल्यापासून पडद्यावर चित्र स्थिर होईपर्यंत काय घडतें, तें क्रमानें पाहूं. ह्या मार्गाच्या पांच पायऱ्या आहेत. पहिली फर्मवेअरची, यंत्रांतच कायम बसविलेला हा प्रोग्राम कोणकोणते अवयव जोडलेले आहेत तें चांचपून पाहतो. दुसरी बूटलोडरची, बहुतेक ठिकाणीं ग्रब नांवाचा हा प्रोग्राम डिस्कवरून कर्नल उचलून स्मृतींत आणतो. तिसरी खुद्द कर्नलची. चौथी थोडी चमत्कारिक आहे. डिस्कांची जोडी जुळविण्याचीं हत्यारें त्या जोडीवरच ठेविलेलीं असतील, तर जोडी जुळल्यावांचून तीं हातीं यावयाचीं नाहींत. आणि तीं हातीं आल्यावांचून जोडी जुळावयाची नाहीं! कुलुपाची किल्ली त्याच कुलुपाच्या पेटींत राहून जावी, तसा हा प्रकार. म्हणून कर्नलबरोबर आणखी एक लहानसें गांठोडें आणलेलें असतें, त्याला ‘इनिटरॅमएफएस’ म्हणतात. त्यांत अवश्य तेवढीं हत्यारें असतात. त्यांनीं मुख्य डिस्क उघडली कीं गांठोड्याचें काम संपतें. पांचवी पायरी ‘सिस्टिमडी’ ह्या कारभाऱ्याची. २०१० मध्यें पुढें आलेला हा प्रोग्राम आज बहुतेक प्रमुख लिनक्स वितरणांत वापरला जातो. राहिलेल्या डिस्क जोडणें, जालाशीं संबंध साधणें, सेवा सुरू करणें, हा सारा व्याप तो पाहतो.

ह्या सगळ्या खटाटोपांत डिस्कांच्या जोडीचा प्रसंग शाळेंतील हजेरीसारखा असतो. जोडींतील प्रत्येक डिस्कवर एका कोपऱ्यांत एक नोंद असते. आपण कोणत्या संघाच्या, संघांत एकंदर किती सभासद, त्यांपैकीं कोणकोण कामावर आहेत आणि आजवर किती घडामोडी झाल्या, हें त्या नोंदींत लिहिलेलें असतें. यंत्र सुरू होतांना एकेक डिस्क पुढें येते, आपली नोंद दाखविते, आणि नोंदींत ज्यांचीं नांवें कामावर म्हणून आहेत ते सर्व हजर झाले कीं जोडी तत्काळ उघडते. एखादा सभासद आला नाहीं तर मात्र मास्तर थांबतात. कदाचित् वाटेंत असेल, येईल, म्हणून थोडी वाट पाहतात. उशिराचें मूळ पुष्कळदां ह्या वाट पाहण्यांत असतें.

तेव्हां यंत्राला उशीर झाला असतां प्रथम विचारावयाचा प्रश्न असा: यंत्र काम करीत आहे, कीं कोणाची वाट पाहत आहे? काम वाढल्यामुळें होणारा उशीर हळूहळू वाढतो. वाट पाहण्यामुळें होणारा उशीर एकाएकीं येतो आणि बहुधा ठराविक मापाचा असतो.

हें माप काढण्याची सोय सिस्टिमडीनेंच करून ठेविली आहे. ‘सिस्टिमडी-अॅनलाइझ’ एवढीच आज्ञा दिली कीं, कोणत्या पायरीला किती सेकंद लागले तें एका ओळींत कळतें. ह्या ओळीचा एक बारकावा लक्षांत ठेवावा. फेडोरासारख्या वितरणांत चौथ्या पायरीचा आंकडा स्वतंत्र दिसतो. परंतु ज्या वितरणांच्या गांठोड्यांत सिस्टिमडी नसतो, उदाहरणार्थ बहुतेक डेबियन यंत्रांत, तेथें तो वेळ कर्नलच्या खात्यावर मांडला जातो. त्यामुळें ‘कर्नलला ३५ सेकंद लागले’ असें वाचून कित्येक जण कर्नलला दोष देतात. खरें पाहतां कर्नलचें काम कांहीं सेकंदांत आटोपलेलें असतें आणि बाकीचा सारा वेळ गांठोडें कोणाची तरी वाट पाहत बसलेलें असतें.

ह्याच आज्ञेपुढें ‘ब्लेम’ हा शब्द जोडला तर प्रत्येक सेवेला किती वेळ लागला ह्याची उतरत्या क्रमानें यादी मिळते. नांव ‘ब्लेम’ असलें तरी यादींत पहिला आलेला तो गुन्हेगार, असें मात्र समजूं नये. सेवा एकमेकींबरोबर चालत असतात. एखादी सेवा वीस सेकंद घेत असली तरी तिच्यासाठीं कोणी खोळंबलें नसेल, तर उशिराचा दोष तिच्याकडे जात नाहीं. त्यासाठीं ‘क्रिटिकल-चेन’ ही दुसरी जोड आहे. ती कोणामुळें कोण थांबलें ह्याची सांखळी दाखविते. गणिताच्या भाषेंत सांगावयाचें तर पहिली यादी नुसत्या संख्या देते, दुसरी रीत दाखविते.

आतां मापांकडे वळूं. उशीर जर ३० सेकंदांचा असेल आणि तो रोज, न चुकतां, कर्नलच्या किंवा गांठोड्याच्या खात्यावर पडत असेल, तर प्रथम एका जुन्या पत्त्याचा संशय घ्यावा. संगणक झोंपवितांना स्मृतींतील मजकूर ज्या जागेंत ठेवावयाचा, त्या स्वॅप नांवाच्या जागेचा पत्ता डेबियन व उबुंटू ह्यांच्या गांठोड्यांत लिहून ठेविलेला असतो. पुढें कोणी डिस्कांची फेरमांडणी केली, स्वॅपची जागा नव्यानें आंखली, कीं तो पत्ता खोटा ठरतो. पण गांठोड्यांत जुनाच राहतो. मग यंत्र रोज सकाळीं त्या मोडलेल्या घराचें दार शोधीत अर्धा मिनिट उभें राहतें. ‘इनिटरॅमएफएस-टूल्स’ च्या फोल्डरांत ‘रिझ्यूम’ नांवाची फाईल असते. तिच्यांत खरा पत्ता किंवा ‘नन’ हा शब्द लिहावा, आणि ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ ही आज्ञा देऊन गांठोडें नव्यानें बांधावें. हें शेवटचें काम लोक विसरतात. बाहेरची फाईल बदलली म्हणून बांधून ठेविलेल्या गांठोड्यांतील जुनी प्रत आपोआप बदलत नाहीं. फेडोरा व तिच्या गोत्रांतील वितरणांत गांठोडें बांधण्याची आज्ञा ‘ड्रॅकट’ ही आहे.

हाच प्रकार एमडीअॅडमच्या यादीचाहि होतो. डिस्कांच्या जोड्यांचीं नांवें व ओळखक्रमांक ‘एमडीअॅडम डॉट कॉन्फ’ ह्या फाईलींत असतात. गांठोड्यांतील प्रत जुनी असली तर ‘एमडी०’ ह्या नांवाची जोडी एके दिवशीं ‘एमडी१२७’ ह्या परक्या नांवानें उभी राहते, आणि जुन्या नांवानें तिला हांक मारणाऱ्या सेवा ताटकळत बसतात. १२७ हा आंकडा दिसला कीं डिस्कविषयीं घाबरण्याआधीं ही यादी पहावी.

उशीर ९० सेकंदांचा असेल तर गोष्ट पांचव्या पायरीवरची आहे. कारण एखादें उपकरण येण्याची वाट पाहण्याची सिस्टिमडीची सर्वसाधारण मुदत तेवढी आहे. पडद्यावर एक लाल ठिपका पुढेंमागें धांवतो आणि शेजारीं दीड मिनिटाची मुदत मोजली जाते, हें दृश्य कित्येकांनीं पाहिलें असेल. ‘एफएसटॅब’ ह्या फाईलींत ज्या डिस्कचा उल्लेख आहे ती हजर नाहीं, असा त्याचा अर्थ. ती डिस्क आपण स्वतः काढून टाकिली असेल तर तिची ओळ खोडावी. काढलेली नसेल, तर ती कोठें गेली हा प्रश्न तेथेंच उभा राहतो. उशीर १२० सेकंदांचा असला तर डिस्कांना सोडून जालाकडे पहावें. जालाची जोडणी पूर्ण होण्याची वाट पाहणारी सिस्टिमडीची सेवा मूळ मुदतीप्रमाणें दोन मिनिटें थांबते.

हे झाले नियमित उशीर. ते त्रासदायक असले तरी बहुधा निरुपद्रवी असतात. आतां एका निराळ्या उशिराची हकीकत सांगतों.

आमच्या पेठेंत एक वृद्ध गृहस्थ आहेत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतों. त्यांच्याकडे मुलानें बांधून दिलेलें असें एक यंत्र आहे. कार्यप्रणाली एका लहान डिस्कवर, आणि घरची ठेव चार-चार टेराबाइटच्या दोन डिस्कांच्या जोडीवर. अण्णांच्या पत्नी उत्तम ओव्या म्हणत. त्यांच्या हयातींत मुद्रित केलेल्या साठ-सत्तर ओव्या त्या जोडीवर आहेत. एकदां बोलतां बोलतां अण्णा म्हणाले, “मास्तर, गेल्या महिन्यांत आमच्या यंत्रानें एके दिवशीं सकाळीं फारच वेळ घेतला हो. मीं म्हटलें, आतां मुलाला कळवावें. पण दुसऱ्या दिवशीं पाहतों तों स्वारी पूर्वीसारखी चपळ! आपोआप बरें झालें.”

मीं विचारलें, “अण्णा, बरें झालें हें कोणी तपासलें?”

“तपासावयाचें काय त्यांत? वेळ पूर्ववत् लागतो आहे ना!”

श्रोतेहो, ह्या प्रसंगांतील मर्म नीट ध्यानांत घ्या. त्या सकाळीं जोडींतील एक डिस्क हजेरीला आलीच नव्हती. उरलेल्या डिस्कवरील नोंदींत दोघींचीं नांवें कामावर म्हणून होतीं. म्हणून यंत्र थांबलें. अशा वेळीं सिस्टिमडीच्या पदरीं एमडीअॅडमचा एक घड्याळी आदेश असतो: अपुरी जोडी एकदम उघडूं नये, ३० सेकंद वाट पहावी, तोंवर दुसरी आली नाहीं तर जी आहे तिच्यावर काम चालवावें. त्याप्रमाणें यंत्रानें अर्धा मिनिट वाट पाहिली आणि एकट्या डिस्कवर कारभार सुरू केला. तसें करतांना त्या डिस्कवरील नोंदहि बदलली गेली. ‘जोडीदार गैरहजर’ असें तींत लिहिलें गेलें. दुसऱ्या दिवशीं हजेरीपटांत एकच नांव उरलें, तें हजर होतें, आणि थांबण्याचें कांहीं कारणच राहिलें नाहीं. यंत्र बरें झालें नव्हतें. वाट पाहणें सोडून देऊन तें कामाला लागलें होतें.

तपासणी अगदीं सोपी आहे. ‘प्रॉक’ ह्या फोल्डरांतील ‘एमडीस्टॅट’ ही फाईल वाचावी. जोडी धडधाकट असेल तर चौकटी कंसांत दोन ‘यू’ ही अक्षरें दिसतात. अण्णांच्या यंत्रांत एकच ‘यू’ होतें आणि दुसऱ्याच्या जागीं नुसती आडवी रेघ. यंत्राची रोजनिशी ‘जर्नलसीटीएल’ ह्या आज्ञेनें वाचतां येते. तींत त्या घड्याळी आदेशाची नोंद तारीखवार सांपडली. पंचवीस दिवस त्या ओव्या आणि घरची सर्व ठेव एकाच डिस्कच्या भरंवशावर होती, आणि घरांत कोणाला त्याची वार्ता नव्हती.

सुदैवानें डिस्क मेलेली नव्हती. ‘स्मार्टसीटीएल’ ही आज्ञा डिस्कची प्रकृति सांगते. तींत तीन आंकडे मुख्यतः पहावे. बदली जागेंत हलविलेले भाग किती, वाचतां न आल्यामुळें निर्णयाची वाट पाहणारे भाग किती, आणि तारेंतून येतांना बिघडलेल्या मजकुराचे प्रसंग किती. पहिले दोन वाढत असतील तर डिस्क जीर्ण झाली असें समजून नवी आणावी. पहिले दोन शून्य असून तिसराच वाढलेला असेल तर बहुधा तारेचा किंवा तिच्या जोडणीचा दोष. अण्णांच्या डिस्कची गोष्ट ह्या दुसऱ्या जातीची निघाली. यंत्र बंद करून तार बदलली, ‘री-अॅड’ ह्या आज्ञेनें डिस्क जोडींत परत घेतली, आणि थोड्याच मिनिटांत कंसांत पुन्हां दोन ‘यू’ उभीं राहिलीं.

थोड्याच मिनिटांत, ह्याचें कारणहि सांगण्याजोगें आहे. जोडीबरोबर ‘बिटमॅप’ म्हणून एक लहानसा नकाशा ठेवतां येतो. ताटातूट झाल्यापासून कोणकोणत्या जागीं नवें लिहिलें गेलें त्याच्या खुणा त्या नकाशावर राहतात. म्हणून पुनर्भेटीच्या वेळीं तेवढेंच भाग जुळवावे लागतात. नकाशा नसता तर सबंध चार टेराबाइटची नक्कल करावी लागली असती. सेकंदाला १५० मेगाबाइट हा वेग धरला तरी चाळीस लाख मेगाबाइटांना २६,६६७ सेकंद, म्हणजे सात तासांहून अधिक वेळ होतो. वीज एकाएकीं गेल्यानंतर होणाऱ्या उशिराचेंहि मूळ पुष्कळदां ह्यांतच असतें. नकाशा नसलेली जोडी, दोन्ही डिस्कांवर सारखेंच लिहिलें गेलें होतें कीं नाहीं, ह्या शंकेनें सबंध डिस्क तपासूं लागते, आणि त्याच वेळीं सुरू होऊं पाहणाऱ्या इतर सेवांना त्याच डिस्कांपुढें रांगेंत उभें राहावें लागतें. जेथें वीज वारंवार जाते तेथें नकाशा असलाच पाहिजे. आणि शक्य असेल तर बॅटरीवर चालणारा यूपीएसहि असावा.

उशिराचा आणखी एक प्रकार आहे, तो म्हणजे ज्याला माप नाहीं असा. आज ४० सेकंद, उद्यां दोन मिनिटें, परवां पुन्हां एक. अशा वेळीं बहुधा कोणी मुदत मोजीत नसून डिस्क झगडत असते. घरगुती डिस्क एखादा खराब भाग वाचण्यासाठीं मिनिट-मिनिट, कधीं त्याहूनहि अधिक, पुनःपुन्हां प्रयत्न करते. कर्नल मात्र सामान्यतः ३० सेकंद थांबतो आणि मग तारेचा संबंधच नव्यानें जोडतो. ‘डीमेसेज’ ह्या आज्ञेनें कर्नलचें बोलणें वाचलें तर त्यांत ‘दुवा सावकाश उत्तर देत आहे, धीर धरा’ अशा अर्थाचीं इंग्रजी वाक्यें आढळतात. जोडींत राहणाऱ्या डिस्कनें एवढा हट्ट धरणें योग्य नव्हे. मजकूर जोडीदाराजवळ आहेच, तिनें लवकर नकार द्यावा हें बरें. ज्या डिस्कांत सोय आहे त्यांना स्मार्टसीटीएलच्याच साहाय्यानें, सात सेकंदांत उत्तर द्या, अशी मर्यादा घालतां येते. पुष्कळ डिस्क वीज बंद होतांच ही मर्यादा विसरतात, म्हणून यंत्र सुरू होतांना दर वेळीं ती घालण्याची व्यवस्था करावी लागते.

आतां जे उपाय करूं नयेत त्यांविषयीं थोडें बोलतों. कारण घाईच्या उपायांनीं झालेलें नुकसान मूळ दुखण्याहून मोठें असतें.

पहिला घाईचा उपाय म्हणजे मुदती कमी करणें. ३० चे ५ सेकंद केले, ९० चे १० केले, कीं यंत्र झटपट उघडतें. परंतु मोठ्या डिस्कला फिरूं लागून पूर्ण वेग घेण्यासच कित्येक सेकंद लागतात. मुदत फार आंखूड केली तर धडधाकट डिस्कहि उशिरां आली म्हणून गैरहजर ठरेल आणि जोडी विनाकारण मोडेल.

दुसरा उपाय एफएसटॅबच्या ओळींत ‘नोफेल’ हा शब्द घालण्याचा. ‘ही डिस्क नसली तरी अडूं नका’ असा त्याचा अर्थ. बाहेरून लावावयाच्या, कधीं असणाऱ्या व कधीं नसणाऱ्या डिस्कसाठीं तो शब्द योग्यच आहे. परंतु मुख्य ठेवीच्या जोडीला तो लावला आणि एके दिवशीं जोडी उघडली नाहीं, तर यंत्र कांहीं न बोलतां सुरू होईल. ठेवीच्या जागीं रिकामें फोल्डर असेल, आणि रोज रात्रीं आपोआप येणारीं छायाचित्रें त्या रिकाम्या फोल्डरांत, म्हणजे वास्तविक दुसऱ्याच लहान डिस्कवर, पडत राहतील. ती भरून गेल्यावर मग घरांत आरडाओरड होते.

तिसरा उपाय सर्वांत घातक. जोडी उघडत नाहीं म्हणून कोणाच्या तरी सांगण्यावरून एमडीअॅडमला ‘क्रिएट’ ही आज्ञा देणें. ही आज्ञा नवी जोडी निर्माण करण्याची आहे. ती जुन्या नोंदी पुसून नव्या लिहिते, आणि प्रसंगीं जुन्या मजकुरावर नवी नक्कलहि सुरू करते. असलेली जोडी जुळविण्याची आज्ञा ‘असेंबल’ ही होय. दोहोंतील भेद ज्याला ठाऊक नाहीं त्यानें डिस्कला हात न लावतां जाणत्याला बोलवावें. आणि कोणतीहि दुरुस्ती करण्यापूर्वीं ठेवीची एक प्रत तिसऱ्याच डिस्कवर काढून घरांत निराळ्या ठिकाणीं ठेवावी. दोन डिस्कांची जोडी म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. हातून चुकून पुसलेलें छायाचित्र दोन्ही डिस्कांवरून एकाच क्षणीं पुसलें जातें.

यंत्रानें आपण होऊन सांगावें अशीहि सोय आहे. एमडीअॅडम पाहारा करूं शकतो, आणि जोडी मोडली तर ठरविलेल्या पत्त्यावर ईमेल पाठवूं शकतो. अण्णांच्या यंत्रांत पाहारा होता. पण पत्र बाहेर पाठविण्याची व्यवस्था कोणी केली नव्हती, त्यामुळें सारीं पत्रें यंत्राच्याच पोटांत पडून राहिलीं होतीं. म्हणून पाहारा ठेविल्यावर एकदां चांचणीचें पत्र पाठवून तें खरोखर हातांत पडतें कीं नाहीं हें पहावें. त्यासाठींहि एमडीअॅडममध्यें ‘टेस्ट’ हा पर्याय आहे.

एवढ्यावरहि मी एक जुनाट सल्ला देणार आहें. यंत्राशेजारीं एक वही ठेवा. महिन्याच्या पहिल्या रविवारीं सिस्टिमडी-अॅनलाइझनें दिलेले आंकडे आणि एमडीस्टॅटमधील ‘यू’ ह्या अक्षरांची संख्या तींत तारखेसह लिहा. पांच मिनिटांचें काम आहे आणि घरांतील शाळकरी मुलगीहि तें करूं शकेल. ज्या यंत्राचा निरोगी दिवस किती सेकंदांचा असतो हेंच आपणांस ठाऊक नाहीं, त्याचा रोगी दिवस आपण कसा ओळखणार? आणि वहींत एखाद्या महिन्यांत मोठा आंकडा येऊन पुढच्या महिन्यांत तो आपोआप पूर्ववत् झालेला दिसला, तर त्या दिवशीं अधिक बारकाईनें पहा.

अण्णांच्या यंत्राशेजारीं आतां अशी वही आहे. त्यांची नात ती लिहिते, आणि लिहून झाल्यावर आजीची एक ओवी ऐकते. आपल्यापैकीं ज्यांच्या घरीं असें जोडीचें यंत्र असेल, त्यांनीं आज रात्रीं निजण्यापूर्वीं कंसांतील तीं दोन अक्षरें एकदां पाहून घ्यावीं, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.